"पेनिसिलीन चालत नाही" असे सांगण्याआधी

आमच्या शेजारच्या मावशींचे पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन गेल्या पावसाळ्यात ठरले. मावशींचे मालक मोहन्याच्या रेयॉन कंपनीत कामाला होते. २००९ साली कंपनी बंद पडली आणि तेव्हापासून त्या घरात आजारपण आले की पहिला प्रश्न पैशाचा. ऑपरेशन सरकारी योजनेतून व्हायचे होते. रेशनकार्ड, आधारकार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, सगळी कागदपत्रे आम्हीच जमवली. आम्ही कारकून माणूस. फॉर्म भरणे, झेरॉक्स काढणे, खिडकीवर रांग लावणे हे खाते वस्तीने आमच्याकडे कायमचे सोपवलेले आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरबाई वॉर्डात आल्या. त्यांनी विचारले, "कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" मावशींचा मुलगा पटकन म्हणाला, "हो मॅडम, पेनिसिलीन चालत नाही." "काय झालं होतं?" या प्रश्नावर मात्र तो आमच्या तोंडाकडे पाहू लागला. डॉक्टरबाईंनी केसपेपरवर लाल शाईने लिहिले आणि म्हणाल्या, "नेमकं काय झालं होतं ते कळल्याशिवाय मी यांना उद्याच्या यादीत घेत नाही. खडे काही पळून जात नाहीत."

खरे सांगतो, आमचा पारा चढला. मुलाने दोन दिवसांची रोजी बुडवलेली. सुनेने पोरांना आंबिवलीला माहेरी ठेवलेले. आणि एका शब्दासाठी गरिबाची तारीख जाते! आम्ही तावातावाने त्यांच्या खोलीत गेलो. बाईंनी शांतपणे खुर्ची दिली आणि मावशींना बोलावून घेतले. मुलाला त्यांनी बाहेरच थांबायला सांगितले.

"मावशी, किती वर्षांच्या होतात तेव्हा?"

"असेन बारा-तेरा वर्षांची. गावाकडं, जालन्याच्या बाजूला. मांडीला गळू झालं होतं. दवाखान्यात सुई टोचली अन् मी धाडकन खाली पडले. आई म्हणाली, हिला पेनिसिलीन सोसत नाही."

"अंगावर पित्त उठलं? गांधी आल्या? ओठ, डोळे सुजले? श्वास कोंडला?"

"नाही वो. घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली. पाणी पाजलं तशी उठून बसले."

"त्या दिवशी काही खाल्लं होतं?"

मावशी हसल्या. "बाहत्तरच्या दुष्काळाचं साल ते. सुकडी मिळाली तर मिळाली."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. उपाशीपोटी पोर, सुईची भीती, वर गळवाचे ठणके. भोवळ येऊन पडायला एवढे पुरेसे होते. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "मधल्या काळात दाताला, घशाला, कशाला गोळ्या घेतल्या असतील. जुनी पाकिटं आहेत का घरी?" सून मोहन्याला गेली आणि संध्याकाळी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात विजेची बिले, सेफ्टीपिना, नातवाच्या लसीचे कार्ड आणि तळाशी अर्धी संपलेली कॅप्सूलची एक पट्टी होती. दीड वर्षापूर्वी दाढ दुखली तेव्हा घेतलेली. नाव होते अमॉक्सिसिलीन. डॉक्टरबाईंनी ती पट्टी दिव्यासमोर धरून वाचली आणि विचारले, "या घेतल्यावर काही झालं?" मावशी म्हणाल्या, "काय होणार? दाढ थांबली."

वाचकहो, अमॉक्सिसिलीन ही पेनिसिलीनचीच सख्खी बहीण. पन्नास वर्षे ज्या औषधाच्या नावाने आम्ही सारे घाबरत होतो ते मावशींनी पोटात घालून पचवलेही होते.

आता कोणी म्हणेल, नसली ॲलर्जी आणि लिहिली, तर बिघडले कुठे? सावध राहिलेले बरे. आम्हीही तेच म्हणालो होतो. पण बिघडते. बहुतेक मोठ्या ऑपरेशनांत चीर देण्याच्या आधीच्या तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात. जखमेत पू होऊ नये म्हणून. त्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे सेफाझोलिन. ते स्वस्त आहे, चटकन काम करते आणि कातडीवरच्या जंतूंवर नेमके लागू पडते. केसपेपरवर पेनिसिलीनची ॲलर्जी लिहिलेली असली की पुष्कळ ठिकाणी ते टाळतात आणि व्हँकोमायसिन किंवा क्लिंडामायसिनसारखे दुसरे औषध देतात. व्हँकोमायसिन हळूहळू सलाईनमधून सोडावे लागते, घाईत दिले तर अंग लालबुंद होते, आणि चीर देण्याच्या वेळेपर्यंत ते पुरते अंगात गेलेले नसते असेही घडते. अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या इस्पितळातील आठ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी पेनिसिलीनची ॲलर्जी सांगितली होती त्यांच्यात जखम चिघळण्याचा संभव इतरांपेक्षा सुमारे दीडपट आढळला, आणि त्याचे कारण बदललेले औषध हेच निघाले. जखम चिघळणे म्हणजे काय हे आमच्या वस्तीला सांगायला नको. ड्रेसिंगसाठी रोज रिक्षा, महागडी इंजेक्शने, आणि महिनाभर बुडालेला रोज.

जुनी समजूत अशी होती की पेनिसिलीन न सोसणाऱ्या दहा जणांत एकाला सेफाझोलिनच्या जातीची औषधेही सोसत नाहीत. ती आता मागे पडली आहे. नव्या अभ्यासांत हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास निघते, आणि सेफाझोलिनची घडण तर पेनिसिलीनपेक्षा बरीच निराळी आहे. म्हणून आज पुष्कळ भूलतज्ज्ञ पेनिसिलीनची साधी जुनी हकीकत असली तरी ते देतात. पूर्वी फार गंभीर प्रकार झाला असेल तेव्हा मात्र ते हात आखडता घेतात, आणि ते बरोबरच आहे.

ॲलर्जी म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. १९०२ साली फ्रान्समधील शार्ल रिशे आणि त्यांचे सहकारी पोर्तिए हे समुद्रातील एका प्राण्याचे विष कुत्र्यांना टोचून पाहात होते. पहिल्या खेपेला कुत्रा तगला. काही आठवड्यांनी त्याच कुत्र्याला पहिल्यापेक्षा कितीतरी कमी विष दिले, तर तो काही मिनिटांतच मेला. शरीर पहिल्या भेटीत त्या पदार्थाला शत्रू म्हणून ओळखून ठेवते आणि पुढच्या भेटीत एकदम तुटून पडते, हे त्यातून उमगले. रिशे यांना १९१३ साली नोबेल मिळाले. माणसातही तसेच होते. खऱ्या तातडीच्या ॲलर्जीत औषध गेल्यावर बहुधा काही मिनिटांत, फार तर तासाभरात, अंगावर पित्त उठते, ओठ-जीभ सुजते, छातीत सूंसूं वाजते, रक्तदाब कोसळतो. दुसरा प्रकार उशिराचा. काही दिवसांनी पुरळ येते, आणि क्वचित तोंडात, डोळ्यांत फोड येऊन कातडी सोलवटते. हा शेवटचा प्रकार ज्याला झाला त्याने ते औषध जन्मात पुन्हा घ्यायचे नाही, तपासणीपुरतेसुद्धा नाही. याउलट मळमळ, जुलाब, तोंड कडू होणे, सुई पाहून चक्कर, ही ॲलर्जी नव्हे. पण आमच्या बोलण्यात सगळ्याला एकच शब्द, "रिॲक्शन आली".

पेनिसिलीनच्या नावाची एवढी धास्ती कशी बसली? फ्लेमिंग यांना लंडनमध्ये त्याचा शोध १९२८ साली लागला. आपल्या देशात ते सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले ते पुण्याजवळ पिंपरीला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रातील कामगारांच्या हातून भरलेल्या त्या बाटल्यांनी किती बाळंतिणी आणि किती न्यूमोनियाची पोरे वाचवली याची मोजदाद नाही. पण गावात एखाद्याला सुई घेताच मृत्यू आला की ती गोष्ट दहा गावे जाते, आणि बरे झालेल्या हजारांची गोष्ट कोणी सांगत नाही. भीती खोटी नव्हती. प्रमाण मात्र लक्षात राहिले नाही. सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे लांब टिकणारे इंजेक्शन घ्यावे लागते. अशा १,७९० रुग्णांना अनेक देशांत दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा हिशेब १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांत प्राणावर बेतणारी ॲलर्जी ४ वेळा झाली आणि मृत्यू १. एक मृत्यूही घरच्यांना सगळे जगच असते. पण ज्या मुलाला इंजेक्शन न देता परत पाठवले जाते त्याची झडप पुढे निकामी होते, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

अमेरिकेत दर दहा माणसांत एक जण पेनिसिलीनची ॲलर्जी सांगतो. त्यांची नीट तपासणी केली तर शंभरातल्या नव्वदाहून अधिकांना ते औषध सोसते असे दिसते. काहींना ॲलर्जी कधी नव्हतीच. काहींची होती, पण गेली. खरी ॲलर्जी असलेल्या दहा जणांपैकी सुमारे आठ जणांची दहा वर्षांत मावळते. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी २०२० साली एक सोपी रीत मांडली. घटना पाच वर्षांच्या आतली आहे का, अंग-ओठ सुजून प्राणावर बेतले होते किंवा कातडी सोलवटली होती का, आणि तेव्हा उपचार करावे लागले का, या प्रश्नांच्या उत्तरांवरून धोका किती ते ठरवायचे. धोका कमी ठरला तर डॉक्टरांच्या नजरेसमोर गोळी देऊन पाहायची. साडेतीनशेहून अधिक लोकांवर असा प्रयोग करून २०२३ साली निष्कर्ष छापून आला. आधी कातडीवर चाचणी करण्याइतकीच थेट गोळी देण्याची रीत सुरक्षित निघाली. मात्र हे इस्पितळात करायचे काम आहे. घरी कोणी "घेऊन तर पाहू" म्हणून करू नये.

येथे "टेस्ट डोस"बद्दल बोलले पाहिजे, कारण आमच्या लोकांचा त्यावर फार विश्वास. हातावर थोडे औषध टोचून फोड आणायचा, पंधरा-वीस मिनिटांनी पाहायचे, लाल झाले नाही की सही. पेनिसिलीनसाठी खास तयार केलेल्या द्रावणाने जाणकाराने केलेली चाचणी उपयोगाची आहे. पण कुठलेही प्रतिजैविक पाण्यात पातळ करून सरसकट सगळ्यांना टोचण्याच्या रीतीला तसा भक्कम आधार नाही. ती कोरी निघाली तरी पुढे रिॲक्शन येऊ शकते. आणि नुसत्या सुईच्या टोचण्याने लाल झाले तर माणसाच्या कपाळावर उगाच शिक्का बसतो. फोड येवो न येवो, बाजूला अॅड्रिनलीनची कुपी तयार आहे की नाही, हे पाहणे जास्त महत्त्वाचे. खरी रिॲक्शन आली तर मोठ्या माणसाला ते अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत ताबडतोब देणे हाच पहिला उपाय आहे. इतर सुया मागाहून.

दुसरी हकीकत आमच्या एका दादांची. तेही जुने कंपनी कामगार, आता रात्रीच्या पाळीला वॉचमन. हर्नियाचे ऑपरेशन होते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांनी ठासून सांगितले, "काही नाही." त्याला कारण होते. एकदा आधी दुसरीकडे त्यांनी "भुलीचं इंजेक्शन सोसत नाही" असे सांगितले होते आणि तेवढ्यावरून त्यांना परत पाठवले गेले होते. या वेळी ते गप्प बसायचे ठरवून आले होते. वहिनी दाराशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांना राहवले नाही. "साहेब, यांचा दात काढला तेव्हा जीव जायची पाळी आली होती." दादा त्यांच्यावर डोळे वटारू लागले. डॉक्टरांनी दादांना नव्हे, वहिनींनाच विचारायला सुरुवात केली. भुलीची सुई दवाखान्यात दिली तेव्हा काय झाले? काही नाही, दात निघाला, घरी आले. मग? घरी येऊन दुखणे थांबवायची गोळी घेतली, भात खाल्ला, आणि अर्ध्या-पाऊण तासात श्वास कोंडला, ओठ निळे पडले. दम्याचा त्रास आहे का? आहे, थंडीत पंप ओढतात. गोळी कसली? वहिनींनी नाव बरोबर सांगितले, डायक्लोफेनॅक.

म्हणजे चोर भलताच होता. दातासाठी वापरतात त्या भुलीच्या औषधाची खरी ॲलर्जी फार विरळा. दम्याच्या काही रोग्यांना मात्र ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामकांनी दम्याचा जबर झटका येतो. आणि ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून सर्रास तेच इंजेक्शन लिहितात! दादांनी "भूल सोसत नाही" सांगितले असते तर जे निर्धोक ते टळले असते. काहीच सांगितले नसते तर संध्याकाळी सिस्टरने जे टोचले असते ते डायक्लोफेनॅक. त्या दिवशी दादांचा जीव वहिनींच्या तोंडाने वाचला. घरात कोणाला काय सोसले, काय उलटले, याचा जमाखर्च बाईच्याच डोक्यात असतो. तपासणीच्या वेळी मात्र पुरुष पुढे होऊन उत्तरे देतो आणि बाईला बाहेर बसवतो. ही खोड आमच्या समाजानेही सोडलेली नाही. आम्ही स्वतःही त्यातून सुटलेलो नाही.

डॉक्टर मंडळींनाही एक सांगणे आहे. नाक्यावरच्या दवाखान्यात तीन रंगांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळतात, वर एक सुई. नाव कशावरच नाही. उद्या त्याच गोळीने अंग सुजले तर पेशंट काय सांगणार, "गुलाबी गोळी चालत नाही"? मोहने, अटाळी, वडवली, गाळेगाव, कुठेही जा, हेच चित्र. औषधाचे नाव लिहून मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. तो पेशंटचा हक्क आहे.

भुलीच्या वेळी रिॲक्शन येण्याची कारणे आणखीही असतात. ब्रिटनमध्ये वर्षभरातील अशा २६६ गंभीर घटनांची छाननी करून २०१८ साली अहवाल निघाला. दर दहा हजार भुलींमागे साधारण एक, असे प्रमाण आले. कारण सापडलेल्या घटनांत सर्वांत मोठा वाटा प्रतिजैविकांचा होता, जवळजवळ निम्मा. त्यानंतर स्नायू सैल करणारी औषधे, मग कातडी पुसायचे क्लोरहेक्सिडिन. त्यात एक विचित्र गोष्ट पुढे आली. टायकोप्लॅनिन नावाच्या औषधाने रिॲक्शन आलेल्या बऱ्याच जणांना ते औषध दिले होते, ते त्यांनी पेनिसिलीनची ॲलर्जी सांगितली म्हणून! फुफाट्यातून निघून आगीत, असा प्रकार.

काही नुसत्या समजुती आहेत. बोंबील, कोळंबी खाल्ल्यावर अंगाला खाज सुटते म्हणून बेटाडीन चालणार नाही, असे नाही. माशातल्या ॲलर्जीचा आयोडीनशी संबंध नाही. अंडे सोसत नाही म्हणून भुलीचे प्रोपोफॉल बंद, असेही सहसा नसते. पण फुगा फुगवताना ओठ सुजत असतील, रबरी हातमोज्याने हात सुजत असतील, तर जरूर सांगावे. घरात कोणाला भुलीनंतर बराच वेळ शुद्धीवर यायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला असेल तर तेही सांगावे. ती ॲलर्जी नसते, रक्तातून पिढ्यान्पिढ्या आलेली उणीव असू शकते. आर्यवैश्य समाजात ती जास्त आढळली आहे. विदर्भाकडून आलेल्या आपल्या बांधवांनी सिकलसेलची तपासणी झाली असल्यास तो कागद सोबत न्यावा. हाही ॲलर्जीचा विषय नव्हे, पण भूल देणाऱ्याला तो माहीत असणे फार गरजेचे असते.

मावशींच्या प्रकरणानंतर आम्ही काही जणांनी रविवारी विहारात वंदना झाल्यावर तासभर बसायला सुरुवात केली. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर घरातल्या प्रत्येकाचे नाव. औषध कोणते, कशासाठी दिले होते, साल कोणते, घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला, नेमका काय त्रास, उपचार काय झाले, आणि नंतर तेच किंवा त्याच जातीचे औषध पुन्हा घेतले का व तेव्हा काय झाले. औषधाचे नाव पट्टीवर पाहून लिहायचे, ऐकीव नाही. आठवत नसेल तर "आठवत नाही" असेच लिहायचे. निर्णय आम्ही देत नाही. ते डॉक्टरांचे काम. आम्ही फक्त लिहून घेतो. पहिल्या रविवारी चारच बाया आल्या. आता घरून पट्ट्या, जुने केसपेपर, डबेच्या डबे येतात. एका आजोबांच्या पिशवीत कंपनीच्या काळातला कागद निघाला. त्यावर सेप्ट्रानने अंगभर फोड आल्याची नोंद होती. आजोबा इतकी वर्षे सांगत होते, "मला इंजेक्शन चालत नाही." तो कागद आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांच्या सुनेच्या हाती दिला.

मावशींचे ऑपरेशन पुढच्या गुरुवारी झाले. सेफाझोलिन दिले तेव्हा डॉक्टरबाई शेजारी उभ्या होत्या, असे सिस्टरने सांगितले. काही झाले नाही. चौथ्या दिवशी मावशी घरी आल्या, टाके कोरडे. घरी सोडतानाच्या कागदावर डॉक्टरबाईंनी लिहून दिले की पूर्वीची पेनिसिलीनची नोंद तपासली, ती ॲलर्जी वाटत नाही, अमॉक्सिसिलीन सोसलेले आहे. त्या कागदाच्या आम्ही तीन झेरॉक्स काढल्या.

परवा बाजारपेठेत औषधाच्या दुकानात आम्ही उभे होतो. मावशींच्या घशाला सूज होती, मुलगा चिठ्ठी घेऊन आला होता. सवयीने तो दुकानदाराला म्हणाला, "पेनिसिलीनची नको हां, आईला चालत नाही." मागून मावशी ओरडल्या, "गप रे! बाहत्तरला मी उपाशी होते."